धावत्या हरिणावर नेम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेतील एक सायंकाळ सांभाळण्याची आज्ञा कार्यवाहांनी मला केली, तेव्हा ‘विषय तुमचा तुम्हीच निवडा’ असे त्यांनी मोठ्या उदारपणे सांगितले होते. विषय ऐकल्यावर मात्र ते क्षणभर स्तब्ध झाले. आधीच्या वक्त्यांनी ज्ञानेश्वरीवर आणि नाट्यसंगीतावर बोलावे, आणि तीस वर्षे सरकारी हिशेब तपासण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाने ‘धावत्या हरिणावर शिकाऱ्याने गोळी झाडावी काय?’ हा प्रश्न घेऊन उभे राहावे, हे त्यांना चमत्कारिक वाटले असल्यास त्यात त्यांचा दोष नाही.

हा प्रश्न माझा नव्हे. तो आपल्या मंडळातच निघाला. गेल्या कोजागिरीला गच्चीवर दूध आटत होते आणि गप्पा रंगल्या होत्या. आपल्यातील एका तरुण अभियंत्याने पिकात शिरलेल्या नीलगाईंवर बंदुका चालताना पाहिल्या होत्या, त्याची हकीकत तो सांगत होता. त्यावर कुणीतरी म्हणाले, ‘धावत्या जनावराला मारले असेल तर ठीक. उभ्या, बेसावध जनावराला मारणे हा भ्याडपणा!’ पुष्कळांनी माना डोलावल्या. मी त्या रात्री काहीच बोललो नाही. का बोललो नाही, ते शेवटी सांगेन.

प्रथम एक खुलासा. आपल्या देशात हौसेची शिकार आता कायद्याने बंद आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा अधिनियम आला, तेव्हाही परवाने घेऊन काही जनावरांची शिकार करण्याची वाट त्यात उरलीच होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बुजवली. तथापि त्याच अधिनियमाच्या अकराव्या कलमानुसार, उभ्या पिकाचा नाश करणारे जनावर मारण्याची लेखी परवानगी अधिकाऱ्यांना देता येते. २०१६ साली बिहारमध्ये मोकामा भागात हैदराबादहून आणवलेल्या बंदूकधाऱ्यांनी दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या आणि त्यावरून देशभर वाद माजला, हे आपणांस आठवत असेल. शास्त्रदृष्ट्या नीलगाय हे चितळ-सांबरासारखे दरवर्षी शिंगे गाळणारे हरीण नव्हे. परंतु बंदुकीपुढे ती धावू लागली की दोघांचा प्रश्न एकच. परदेशांत तर हरिणांची शिकार आजही रीतसर चालते. तेव्हा प्रश्न जुना झाला असला तरी निकालात निघालेला नाही.

आता माझ्या खात्याच्या सवयीप्रमाणे आधी आकडे मांडतो. हरिणाला तत्काळ मरण यावे असे वाटत असेल, तर गोळी हृदय आणि फुप्फुसे यांच्या जागी बसली पाहिजे. पुढच्या पायाच्या किंचित मागे असलेली ही जागा चितळाच्या बाबतीत साधारण नाश्त्याच्या ताटलीएवढी असते. बाकी सारे शरीर म्हणजे पोट, पुठ्ठे, पाय आणि जबडा. तेथे गोळी लागली तर जनावर मरते, पण शिकाऱ्याच्या सोयीने मरत नाही.

हरीण ताशी पन्नास किलोमीटर वेगाने धावत आहे असे धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे चौदा मीटर. रायफलीची गोळी सेकंदाला सातशे मीटर जाते असे समजू. सत्तर मीटर अंतर कापायला तिला सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्या अवकाशात हरीण एक मीटर चाळीस सेंटिमीटर पुढे गेलेले असते. म्हणजे नेम खांद्यावर धरला, तर गोळी पुठ्ठ्यात शिरेल, नाहीतर मागून निघून जाईल. शिवाय ‘आता चाप ओढावा’ असे मनात आल्यापासून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. त्या वेळी बंदुकीची नळी हरिणाबरोबर फिरत राहिली नाही, तर आणखी जवळजवळ तीन मीटरांची चूक वाढते. निष्णात शिकारी हे सारे अंदाजाने जमेस धरतात आणि हरिणाच्या पुढे नेम धरतात. पण हरीण सरळ रेषेत धावण्यास बांधलेले नाही. ते उडी घेते, वळते, झुडुपाआड जाते आणि दगडावरून घसरतेही. गणित बरोबर असते. हरीण त्या गणितात राहत नाही.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ते म्हणतात, सरावाने हे साधते. खरोखरच साधते. १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये ‘धावते हरीण’ अशी नेमबाजीची स्पर्धाच होती. त्यात स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी साठाव्या वर्षी सुवर्णपदक मिळविले आणि १९२० साली अँटवर्प येथे बहात्तराव्या वर्षी त्याच प्रकारच्या सांघिक स्पर्धेत रौप्यपदक. ऑलिंपिकमधील सर्वांत वयोवृद्ध पदकविजेते म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. अशा हाताला आणि अशा डोळ्याला नमस्कारच केला पाहिजे. परंतु ते हरीण आखून दिलेल्या वाटेने सरकणारे निर्जीव लक्ष्य होते. नेम चुकला तर स्वान यांचे गुण जात असत. रानात नेम चुकला तर ज्याचे जाते, तो स्पर्धक नसतो.

युरोपात काही देशांत रान उठवून धावत्या हरिणांची शिकार आजही करतात, हेही खरे. पण त्यांच्या व्यवस्थेकडे पाहावे. तेथे शिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागते, आणि जखमी जनावराचा माग काढणारी शिकवलेली कुत्री हाताशी ठेवण्याची शिस्त असते. म्हणजे धावत्या जनावरावर गोळी झाडणाऱ्या समाजाने ‘जनावर जखमी होऊन पळणार’ हे आधीच गृहीत धरून खर्चाची तरतूद केलेली असते. आपल्याकडे खर्च मंजूर, तरतूद शून्य.

दुसरा युक्तिवाद कोजागिरीच्या रात्रीचा: धावत्या जनावराला सुटण्याची संधी मिळते, म्हणून ते न्याय्य. हा विचार आला कोठून, ते पाहण्यासारखे आहे. बसलेल्या पक्ष्यावर बंदूक चालवू नये, तो उडाल्यावरच चालवावी, असा इंग्रज शिकाऱ्यांचा संकेत होता. पण तेथे काडतुसातून शेकडो बारीक छर्रे सुटतात, त्यांचे जाळे पसरते, आणि नाजूक पक्षी त्यातले चार लागले तरी खाली येतो. तेच इंग्रज स्कॉटलंडच्या डोंगरात हरिणामागे जात, तेव्हा मात्र पोटावर सरपटत, वाऱ्याचा रोख सांभाळत, तासन्‌तास घालवून उभ्या हरिणाजवळ जात आणि एकच गोळी झाडत. तेथली मर्दुमकी गोळी झाडण्यात नव्हती. जवळ जाण्यात होती. आपण पक्ष्याचा नियम उचलून हरिणाला लावला, एवढाच घोटाळा झाला.

शिवाय ‘सुटण्याची संधी’ म्हणजे काय? गोळी साफ चुकली आणि हरीण धडधाकट निघून गेले, तर ते सुटले. पोटात गोळी घेऊन ते झाडीत गेले, तर शिकाऱ्याच्या दृष्टीने ते ‘सुटले’. हरिणाच्या दृष्टीने ते सापडले आहे. उभ्या जनावरापुढे दोनच शक्यता असतात, जगणे किंवा तत्काळ मरणे, आणि त्यातही शिकाऱ्याने थांबून चाप न ओढण्याची मुभा असते. धावत्या जनावरापुढे आपण तिसरी शक्यता उघडतो. तिला न्याय म्हणणे मला जमत नाही.

बंधुभगिनींनो, आपण महाराष्ट्रापासून दूर, गंगा-यमुनेच्या या दुआबात राहतो. मुलांना घेऊन हरिद्वारला जाताना आपल्यापैकी कित्येकांनी वाट वाकडी करून शुक्रतालचा वटवृक्ष पाहिला असेल. परीक्षित राजाने शुकमुनींच्या मुखातून भागवत ऐकले ते येथेच, अशी परंपरा सांगते. भागवत आपण सप्ताहात ऐकतो. पण राजावर ही पाळी आली कशाने, हे महाभारताच्या आदिपर्वात वाचावे. परीक्षिताने एका हरिणाला बाण मारला. बाण लागला, पण हरीण पडले नाही, ते पळाले. त्याच्या बाणाने विद्ध झालेले हरीण जिवंत निसटले असे पूर्वी कधी घडले नव्हते. साठीचा राजा तहानभूक विसरून त्याच्या मागे रानोमाळ हिंडला आणि शमीक ऋषींपाशी येऊन विचारू लागला, ‘माझे जखमी हरीण पाहिलेत काय?’ ऋषींचे मौनव्रत होते. थकलेल्या राजाचा तोल गेला आणि त्याने धनुष्याच्या टोकाने मेलेला साप ऋषींच्या खांद्यावर टाकला. पुढे शृंगीचा शाप, सात दिवसांची मुदत, तक्षक, आणि मुलाचे सर्पसत्र. आपण या कथेत साप लक्षात ठेवतो. तिचा आरंभ एका न सापडलेल्या हरिणाने होतो, हे विसरतो.

येथून उत्तरेला कोटद्वारजवळ मालिनीच्या काठी कण्वाश्रमाची जागा दाखवितात. कालिदासाचे शाकुंतल उघडते तेच धावत्या हरिणावर. रथ भरधाव, बाण जोडलेला, आणि हरीण मान वळवून मागे पाहत पळते आहे. इतक्यात तपस्वी हात वर करून आडवे येतात आणि हे आश्रमाचे हरीण आहे, मारू नकोस, असे सांगतात. राजा बाण उतरवतो. पुढची सारी शोभा त्या न सोडलेल्या बाणानंतरची. सुटलेल्या बाणाने एक राजा मृत्यूपर्यंत गेला, आवरलेल्या बाणाने दुसरा शकुंतलेपर्यंत. मी कीर्तनकार नव्हे, तेव्हा यावर अधिक निरूपण करीत नाही.

पुराणे बाजूस ठेवून अलीकडचा दाखला घेऊ. कुमाऊँमधील चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारल्याची नोंद होती. १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी तिला मारल्यावर तिचे तोंड तपासले, तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे असे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. कधीकाळी कुणाची तरी गोळी तेथे लागली होती. नेहमीची शिकार साधेना, म्हणून ती माणसांकडे वळली असा त्यांचा निष्कर्ष होता. ती गोळी कोणी झाडली, हे कुणालाच कळले नाही. झाडणारा कदाचित घरी जाऊन ‘लागली खरी, पण निसटली’ असे सांगून जेवायला बसला असेल. हरीण नरभक्षक होत नाही, एवढाच फरक. ते एकटेच आपला हिशेब चुकता करते.

आता माझ्या स्वतःच्या दोन गोष्टी सांगून भाषण आटोपतो.

काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या गावी गेलो होतो. नीलगाईंच्या कळपांनी गहू तुडवून टाकला होता. रीतसर परवानगी मिळालेली होती. माझ्याजवळ वडिलांची बारा बोअरची दुनळी परवान्यासह वारशाने आलेली आहे, हे त्या मंडळींना ठाऊक होते. म्हणून ‘तीही घेऊन या’ असा आग्रह झाला आणि नकार देण्याचे धैर्य मला झाले नाही. सायंकाळी धुके उतरत असताना कळप शेतात आला. कुणाचा तरी पाय वाजला आणि जनावरे उधळली. ‘साहब, मारिए!’ असे दोघे-तिघे एकदम ओरडले. बंदूक माझ्या खांद्याला होती. मी ती चालवली नाही. शेजारच्याने चालवली. एक मादी गुडघ्यावर बसली, उठली आणि तीन पायांवर उसात शिरली.

पुरुषभर उंचीच्या त्या उसात रात्री शिरायला कुणी तयार होईना. या भागात उसात बिबटे राहतात, हे आपण जाणता. सकाळी दोन तास शोधले, सापडली नाही. चार दिवसांनी फोन आला, की वासावरून जागा कळली.

परतताना मी त्या शेतकऱ्याला काही उपदेश करू लागलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘साहब, आपकी तनख़्वाह पहली तारीख़ को आ जाती है। मेरी तो खेत में खड़ी है।’ या वाक्यापुढे मला बोलता आले नाही. आजही येत नाही. पीक राखण्याचा त्याचा अधिकार मला मान्य आहे. पण त्या मादीच्या चार दिवसांनी त्याच्या गव्हाची एक ओंबीही वाचली नव्हती. मारणे ज्याला भाग आहे, त्याने तर ते अधिकच नीट केले पाहिजे.

दुसरी गोष्ट वडिलांची. ते पाटबंधारे खात्यात होते आणि १९६० नंतरची काही वर्षे भंडारा जिल्ह्यात होते. परवाने मिळत असत, आणि ते हौसेने शिकारीस जात. मी मोठा झालो तेव्हा बंदूक कपाटात होती, दरवर्षी तिला तेल दिले जाई, पण ती बाहेर निघालेली मी कधी पाहिली नाही. विचारले तर ‘आता वेळ कोठे आहे?’ एवढेच उत्तर मिळे. ते गेल्यावर कागदपत्रे चाळताना त्यांची शिकारीची वही हाती लागली. सरकारी नोंदवहीसारखेच रकाने आखलेले: तारीख, ठिकाण, जनावर, अंतर, उभे की पळते, शेरा. उभ्या जनावरांपुढे बहुतेक ठिकाणी ‘जागेवर’ असा एकच शब्द. पळत्यांपुढे काही ठिकाणी ‘चुकले’, आणि अधिक ठिकाणी ‘लागले, मिळाले नाही’. 

शेवटची नोंद १९६७ च्या डिसेंबरातील. ‘चितळ, नर. पळते. ४० पावले. लागले. तिसऱ्या दिवशी मिळाले. जिवंत.’ त्यापुढची पाने कोरी.

मी वही आईपुढे ठेवली. तिने चष्मा लावून ती ओळ वाचली आणि मग सांगितले. हाका झाला होता, चितळ समोरून उधळत गेले, यांनी बार टाकला. छर्ऱ्याने खालचा जबडा मोडला होता. रक्त फारसे सांडले नाही, म्हणून माग लागेना. दोन दिवस हे रजा टाकून हिंडत होते, घरी येऊन पानावरून उठून जात. तिसऱ्या सकाळी गुराख्याने येऊन सांगितले. नाल्याच्या काठी, पाण्यापासून हातभर अंतरावर ते बसले होते. पाणी समोर होते. पिता येत नव्हते. ‘तुझ्या वडिलांनी त्याला मोकळे केले आणि घरी येऊन आंघोळ केली, सुतकाची करतात तशी,’ आई म्हणाली. ‘मला म्हणाले, उभे असते तर मी मारले असते आणि आपण ते खाल्ले असते. हे मात्र मी कशासाठी केले?’

कोजागिरीच्या रात्री मी गप्प का बसलो, ते आता आपल्या ध्यानात आले असेल. दुधाच्या प्याल्याबरोबर सांगण्याजोगी ही गोष्ट नव्हती.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर. धावत्या, धडधाकट हरिणावर गोळी झाडू नये. ज्याचा हात ऑलिंपिकच्या तोडीचा आहे त्यानेही झाडू नये, कारण खात्री हाताची देता येते, हरिणाच्या पुढच्या उडीची देता येत नाही. याला अपवाद एकच: जे आधीच जखमी आहे, ते धावत असले तरी त्याच्यावर झाडावी, किंबहुना झाडलीच पाहिजे. आणि एकदा बार टाकला, की जनावर मिळेपर्यंत किंवा ते साफ निसटले याची खात्री होईपर्यंत शिकाऱ्याने घरी जाऊ नये. आमच्या खात्यात उचल घेतलेली रक्कम हिशेबात आल्याशिवाय प्रकरण मिटत नाही. जखमी जनावर ही तशीच उचल आहे. ती चुकती न करता सेवानिवृत्त होणारे पुष्कळ असतात. माझ्या वडिलांना ते जमले नाही, याचा मला अभिमान वाटतो.

आपल्यापैकी कुणी उद्या बंदूक घेऊन रानात जाणार नाही, हे मी जाणतो. त्या तरुण अभियंत्याने मात्र भाषणापूर्वी मला विचारले, ‘काका, मग त्या दुनळीचे तुम्ही काय केले?’ गेल्या वर्षी परवान्यासह ती रीतसर जमा करून टाकली. वही ठेवून घेतली आहे. ज्याला पाहायची असेल, त्याने रविवारी सकाळी घरी यावे, चहा मिळेल.



जय हिंद, जय महाराष्ट्र.